छंद डोंगराचा, साथ जन्माची

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेल्या गोष्टी येतात. विणकाम, भरतकाम, रांगोळी, बागकाम, फार तर पेटी वाजवणं. हे सगळे छंद छानच आहेत आणि त्यांचा मोठा गुण म्हणजे ते घरात बसून करता येतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी विणून होतात. पण मैत्रिणींनो, काही छंद असे असतात की त्यांच्यासाठी उंबरा ओलांडावाच लागतो. डोंगर चढणं हा त्यांतलाच एक. डोंगर काही आपल्या घरी येत नाही!

आणि इथंच घोडं पेंड खातं. पुरुषाला डोंगराचं वेड असलं तर लोक त्याला हौशी म्हणतात. बाईला असलं तर पहिला प्रश्न येतो, "हिचं घर कोण बघतं?" कॉलेजात असताना दहा-दहा किल्ले पाहिलेल्या कितीतरी जणी माझ्या ओळखीच्या आहेत. मुंडावळ्या सुटल्या आणि त्यांचे बूट माळ्यावर गेले ते गेलेच.

पण हा छंद जन्मभर सांभाळलेल्या बायकाही आहेत. काही आपल्या सातारा-पुण्याच्या, नागपूरच्या, एक तर थेट जपानची. त्यांनी तो कसा सांभाळला आणि आपल्यासारख्या लहान गावातल्या संसारी बाईला त्यातलं काय घेता येईल, ते या लेखात पाहू या.

माणदेशाला चढण नवी नाही

मी राहते म्हसवडला, म्हणजे दुष्काळी माणदेशात. सह्याद्रीची हिरवीगार रांग आमच्यापासून लांब, पश्चिमेला. आमच्या वाट्याला आलेत ते महादेवाचे उघडे-बोडके डोंगर. तरी चढण्याचं वेड पाहायचं असेल तर चैत्रात शिखर शिंगणापूरला यावं. शंभू महादेवाच्या यात्रेला गावोगावच्या कावडी येतात आणि मुंगी घाटानं वर चढतात. घाट हे नुसतं नावाला. खरं तर तो अंगावर येणारा उभा डोंगर आहे. वर जायला दुसरीकडून चांगला रस्ता आहे, तरी पाण्यानं भरलेली कावड याच उभ्या अंगानं न्यायची. माणसं हाताला हात धरून साखळी करतात, वरचा खालच्याला ओढतो, खालचा वरच्याला रेटतो आणि "हर हर महादेव"च्या गजरात कावड वर सरकते. सासवडची तेल्या भुत्याची कावड चढताना पाहायला तर सारा डोंगर माणसांनी फुललेला असतो.

सोपी वाट असताना अवघड वाटेनं का जायचं, असं तिथं कोणी विचारत नाही. हा प्रश्न बाईलाच का विचारायचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कळसू आणि हिरकणी

महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, आणि नाव बाईचं! तिची कथा अशी सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एकदा तिला तेच काम सांगितलं गेलं. तिनं ते निमूट केलं आणि नंतर सरळ डोंगर गाठला, तो कायमचाच. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. शिखरावर तिचं छोटं देऊळ आहे. अवघड टप्प्यांवर आता लोखंडी शिड्या आहेत आणि नवरात्रात पंचक्रोशीतल्या बायाबापड्या दर्शनासाठी वर चढतात.

दुसरी कथा आपण शाळेतच ऐकलेली, रायगडावरच्या हिरकणीची. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ घरी, आणि ही माउली जिथं वाटच नाही अशा कड्यावरून अंधारात खाली उतरली.

या कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरतात ते अभ्यासकांनी ठरवावं. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. हिरकणीचं कौतुक होतं, कारण ती बाळासाठी उतरली. कळसू स्वतःच्या मर्जीनं वर गेली, तर लोकांनी तिला देवीच करून टाकलं. बाई डोंगरावर गेली ती नुसती आवड म्हणून, एवढं साधं कारण कथेलासुद्धा पुरत नाही बघा!

साताऱ्याची लेक

आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलीनं मात्र आवड हेच कारण पुरेसं मानलं. साताऱ्याची प्रियांका मोहिते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर तिचे पाय तयार झाले, पुढं तिनं हिमालयात रीतसर शिक्षण घेतलं आणि मे २०१३ मध्ये ती एव्हरेस्टवर पोचली. वय जेमतेम वीस. २०१८ मध्ये तिनं ल्होत्से गाठलं, २०१९ मध्ये मकालू. १६ एप्रिल २०२१ रोजी ती अन्नपूर्णा शिखरावर उभी राहिली. ८,०९१ मीटर उंचीच्या या शिखरावर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. मे २०२२ मध्ये ८,५८६ मीटरचं कांचनजंगाही झालं. आठ हजार मीटरांहून उंच अशी शिखरं साऱ्या जगात चौदाच आहेत. त्यांतली पाच चढणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. साहसासाठीचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला.

आकडे बाजूला ठेवून या साली नीट पाहा. पहिलं मोठं शिखर २०१३ मध्ये आणि दुसरं २०१८ मध्ये. मध्ये पाच वर्षं. त्या काळात ती शिकली, नोकरीला लागली आणि इतर डोंगर चढत राहिली. छंद सोडला नाही आणि पोटापाण्याची विद्याही सोडली नाही. मुलीच्या आईबापांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमुक एक छंद लागला म्हणजे शिक्षण बुडालं, असं काही नाही.

तिच्याआधीही ही वाट मराठी माणसांनी तुडवली होती. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २००९ साली पुण्याचीच कृष्णा पाटील वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिथं उभी राहिली.

पन्नाशीनंतरही

"तरुण मुलींचं ठीक आहे हो, आमचं वय झालं आता," असं म्हणणाऱ्या वहिनींसाठी पुढची हकीकत.

पुण्याची 'गिरिप्रेमी' ही संस्था १९८२ सालची. तिच्या संस्थापकांमध्ये उषःप्रभा पागे यांचं नाव आदरानं घेतलं जातं. या संस्थेचे आठ गिर्यारोहक २०१२ साली एकाच मोहिमेत एव्हरेस्टवर पोचले आणि २०१९ साली दहा जण कांचनजंगावर. म्हणजे संस्था सुरू झाल्यापासून एव्हरेस्टपर्यंत तीस वर्षं गेली. तीस वर्षं म्हणजे किती रविवार, किती किल्ले, किती डबे, याचा हिशेब आपण बायकाच करू जाणे!

नागपूरच्या बिमला देऊसकर यांचं उदाहरण तर आणखी जवळचं. २०२२ साली पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची एक तुकडी अरुणाचल प्रदेशातून निघाली आणि हिमालयाच्या अंगाखांद्यावरून चालत लडाखमध्ये कारगिलपर्यंत गेली. तुकडीच्या प्रमुख होत्या बचेंद्री पाल. १९८४ साली एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचं शिक्षण एम.ए., बी.एड.; म्हणजे आपल्यासारखीच शिकवण्याची पदवी! या बायका चार महिन्यांहून अधिक काळ, साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर चालल्या. तीसहून जास्त खिंडी ओलांडल्या. या तुकडीत बिमलाताई होत्या. कोणी आजी होत्या, कोणी निवृत्त झालेल्या. गुडघेदुखी त्यांनाही ठाऊक असणार, पण तिचं निमित्त त्यांनी केलं नाही.

जपानची संसारी बाई

आता जपानच्या जुन्को ताबेई यांच्याविषयी. एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली स्त्री ती हीच. १६ मे १९७५ चा तो दिवस. आपल्याकडे हे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं, पण त्यामागचा संसार पुस्तकात नसतो.

पुरुष गिर्यारोहक बायकांना बरोबर घ्यायला नाखूष, म्हणून जुन्कोबाईंनी १९६९ साली बायकांचंच गिर्यारोहण मंडळ काढलं. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या की ऐकावं लागे, "घरी बसून मुलं सांभाळा." घरी खरोखरच लहान मुलगी होती. पैसे जमवण्यासाठी त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. सामान महाग, तर मोटारीच्या आसनांची जुनी आवरणं उसवून त्यांतून पाण्यापासून बचाव करणाऱ्या पिशव्या आणि हातमोज्यांवरचे मोजे शिवले. जुन्या साडीची दुलई करणाऱ्या आपणा बायकांना ही काटकसर वेगळी समजावून सांगायला नको.

४ मे रोजी रात्री त्यांच्या तंबूंवर बर्फाचा लोंढा कोसळला. जुन्कोबाई त्याखाली गाडल्या गेल्या. शेर्पांनी ओढून काढलं तेव्हा शुद्ध नव्हती. त्यानंतर बाराव्या दिवशी त्या शिखरावर होत्या.

त्यानंतरची चाळीस वर्षं मला अधिक मोलाची वाटतात. त्या चढतच राहिल्या. कॅन्सर झाल्यावरही चढल्या. २०१६ च्या जुलैमध्ये, भूकंपानं आणि त्सुनामीनं पोळलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना घेऊन त्या फुजी पर्वतावर निघाल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या गेल्या. याला म्हणतात जन्माची साथ.

बर्फाचं शास्त्र

आपले डोंगर दगड-मातीचे. हिमालयात बर्फावर चालायचं म्हणजे शास्त्रच वेगळं. ते थोडं समजून घेऊ, कारण आज ना उद्या आपल्यापैकी कुणी केदारनाथला जाईल, कुणी काश्मीर पाहायला.

उंची वाढते तशी हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रकिनाऱ्याच्या मानानं हवेचा दाब जेमतेम एकतृतीयांश असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. म्हणून चढणारे एकदम वर जात नाहीत. वर जायचं, खाली येऊन झोपायचं, शरीराला सवय होऊ द्यायची. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर दर दिवशी मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरांपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम सांगतात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांच्याही वर आहे, हे यात्रेला जाणाऱ्या सासूबाईंना जरूर सांगा. वर गेल्यावर डोकं ठणकणं, मळमळणं, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर आणखी वर चढू नये. धाप थांबेना किंवा तोल जायला लागला तर वाट न पाहता खाली आणावं आणि डॉक्टर गाठावा. खाली उतरणं हेच पहिलं औषध.

बर्फाळ डोंगरात फिरण्याची आणखी एक रीत आहे, ती म्हणजे स्की. पायाला लांब, चिंचोळ्या पट्ट्या बांधून घसरत जायचं. गुलमर्गला, औलीला सहलीला गेलेल्यांनी हा खेळ पाहिला असेल. तिथं ठरवून तयार केलेले उतार असतात, नवशिके त्यांवर शिकतात. पण मुरलेली मंडळी ती रुळलेली जागा सोडून कोऱ्या बर्फावर जातात. पट्टी घसरणारी, मग तिच्यावरून डोंगर चढतात कसा? तर पट्टीच्या तळाला लवदार कापड चिकटवतात. मांजरीच्या पाठीवरून एका बाजूनं हात फिरवला तर सरसर जातो आणि उलट्या बाजूनं अडतो, तसंच. लव पुढं सरकू देते, मागं घसरू देत नाही. पूर्वी यासाठी सील प्राण्याचं कातडं वापरत. टाच मोकळी ठेवून एकेक पाऊल सरकवत माथा गाठायचा, मग कापड सोलून काढायचं, टाच घट्ट बसवायची आणि जिथं कुणाचा माग नाही अशा उतारावरून खाली यायचं. तासन् तास चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं! दिवाळीचा फराळ करणारीला हे प्रमाण चांगलंच ओळखीचं आहे.

पण कोरा बर्फ दिसतो तितका साधा नसतो. तो थराथरानं साठतो आणि एखादा थर कच्चा राहिला की वरचा सगळा पापुद्रा निसटतो. असे बहुतेक लोंढे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे नेमके घसरायला मजा येते त्याच उतारावर. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा पुष्कळ असते. त्यानंतर ती झपाट्यानं उतरते. म्हणून जाणारा प्रत्येक जण अंगावर संदेश देणारं यंत्र, चाचपायला लांब काठी आणि फावडं बाळगतो, आणि एकटा कधी जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला ठरलेल्या उतारांपासून दूर गेलेल्या परदेशी पाहुण्यांवर असाच लोंढा आला आणि एकाचा जीव गेला.

शिकलेल्या माणसांनाही डोंगर सोडत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमस्खलन झालं. पंचवीसहून जास्त जीव गेले. त्यांत सविता कंसवाल ही तरुण शिक्षिकाही होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं केली होती.

हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, म्हणूनच नको म्हणतो." मी उलट म्हणते. धोका आहे म्हणूनच मुलीला चांगल्या ठिकाणी, रीतसर शिकू द्यावं. लपूनछपून, न शिकता गेलेलं पोर जास्त धोक्यात असतं.

घर काय म्हणतं?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आम्ही म्हसवडच्या सहा-सात जणी गेली काही वर्षं महिन्यातून एक रविवार डोंगरावर जातो. सातारा रस्त्यानं दहिवडीच्या पुढं महिमानगड आहे, त्याच्यापुढं पुसेगावजवळ वर्धनगड. दोन्ही चढायला सोपे, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. सुरुवातीला गल्लीत कुजबुज झालीच. "रविवारी माणसं घरात असताना या कुठं निघाल्या?" एकीच्या घरी तर दोन दिवस अबोला होता.

मार्ग दाखवला तो माझ्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं वारीला गेले. सुगरण होते म्हणून कुणी अडवलं नाही की घर बुडालं नाही. माझ्या माघारी चूल पेटलीच ना?" खरंच, मैत्रिणींनो, विचार करा. आळंदी ते पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. साठी-पासष्टीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन ती चालतात. कुठंही मुक्काम, मिळेल ते जेवण, पावसात भिजणं. ताकद आपल्यात नाही, असं कोण म्हणेल? आणि वारीला निघालेल्या बाईला "घर कोण बघतं?" असं कुणी विचारत नाही. का? कारण घरानं ती गोष्ट मान्य केलेली असते. तिची तिथी ठरलेली असते, तिच्या माघारी कोण काय करणार हेही ठरलेलं असतं.

छंद टिकतो तो असा. नुसत्या हौसेवर नाही, तर घराच्या रीतीवर. दर वेळी परवानगी मागायची म्हटलं की दर वेळी नाराजी आणि दर वेळी उपकार. त्यापेक्षा महिन्यातला एक दिवस ठरवून टाकावा आणि तो कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहावा. आमच्याकडे दुसरा रविवार हा डोंगराचा रविवार. त्या दिवशी खिचडी हे करतात. पहिल्यांदा ती करपली, आता माझ्यापेक्षा बरी होते. अबोला धरणाऱ्या घरातले आजोबा आता आदल्या रात्री विचारतात, "उद्या कोणता गड?"

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. नववीतल्या एका मुलीला किल्ल्याच्या शिबिराला जायचं होतं. वडील नको म्हणाले. मुलगी काळी पडेल, पायाला लागलं तर उद्या लग्नाला अडचण. मी तिच्या आईला एका रविवारी आमच्याबरोबर वर्धनगडावर नेलं. वर वारं सुटलं होतं. त्या बाई तटावर बसून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, लग्नाला सतरा वर्षं झाली. माझ्यासाठी म्हणून घराबाहेर पडले ती आजच." मुलगी शिबिराला गेली. वडिलांना समजवायचं काम आईनंच केलं. ते काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

सुरुवात कशी करावी?

तयारी: एकदम किल्ल्यावर धावू नये. रोज चाळीस मिनिटं भरभर चालावं, आठवड्यातून तीनदा जिने चढावेत. महिन्याभरानं पाठीवर चार-पाच किलो ज्वारीची पिशवी घेऊन चालून पाहावं. दमा, रक्तदाब, गुडघे यांची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तातलं हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्यावं. ते कमी असलं की आपण स्वतःला आळशी समजत बसतो आणि खरं कारण रक्तात असतं.

कपडे: अंगाबरोबरचा पण सैल पंजाबी ड्रेस चांगला. ओढणी आडवी गाठवावी, नाहीतर काट्याकुट्यात अडकते. बुटांच्या तळव्याला खोल खाचा हव्यात, चपला अजिबात नकोत. पायांची नखं कापावीत. उतरताना अंगठ्यावर सगळा भार येतो. टोपी किंवा डोक्याला रुमाल हवाच.

शिदोरी: आपल्या आज्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. खिशात गूळ-शेंगदाणे, लागतील तसे खायला. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, आणि मीठ-साखरेची पुडी व लिंबू. वेष्टनं आणि पिशव्या परत आणाव्यात. मासिक पाळीचे दिवस असतील तर जाऊ नये असं काही नाही. पॅड, जुने कागद आणि बंद होणारी एक पिशवी बरोबर ठेवावी आणि तीही परत आणावी.

सावधगिरी: चार जणींपेक्षा कमी जाऊ नये. कुठं जातोय आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवावं. शिट्टी, विजेरी, भरलेला मोबाईल आणि मलमपट्टी असावी. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, तिथं अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरडा करू नये. ढग गडगडायला लागले की उघड्या माथ्यावर थांबू नये. आमच्या भागात मार्च ते मे सकाळी नऊच्या आत चढून व्हावं. आणि सूर्य मावळायच्या आत पायथा गाठायचा म्हणजे गाठायचा.

मुलींसाठी: मुलीला खरंच हिमालयाची ओढ असेल तर दार्जिलिंग, मनाली आणि उत्तरकाशी इथं गिर्यारोहणाच्या जुन्या, नामांकित संस्था आहेत. दार्जिलिंगची १९५४ ची, मनालीची १९६१ ची, उत्तरकाशीची १९६५ ची. प्राथमिक वर्ग सुमारे चार आठवड्यांचा असतो. वयाची अट आणि वैद्यकीय दाखला लागतो, जागाही लवकर भरतात. स्कीचं शिक्षण मनालीला आणि गुलमर्गला मिळतं. पण त्याआधी दोन-तीन वर्षं आपले सह्याद्रीतले किल्ले चढू द्यावेत. तिथं पाय तयार होतात आणि आवड खरी की चार दिवसांची हेही कळतं.

आपण सगळ्याच काही एव्हरेस्टवर जाणार नाही, आणि जायची गरजही नाही. पण माळ्यावर टाकलेले ते बूट एकदा खाली काढून बघा. तळवा गेला असेल तर चांभाराकडे द्या, दोन-तीन दिवसांत होतील. येत्या महिन्यातला एक रविवार आजच ठरवा आणि शेजारच्या वहिनींनाही विचारा. जवळचा एखादा लहानसा डोंगर पुरेसा आहे. परतल्यावर भाकऱ्या आपल्यालाच थापायच्या असतील कदाचित, पण त्या दिवशीचा हात वेगळाच चालतो, हे मी अनुभवानं सांगते.